चोप वर गेला की

पायातल्या वहाणा काढून पिशवीत टाका आणि खिशातला फोन बंद करा. त्याला इथं रेंज यायला अजून दीडशेच्या वर वर्षं आहेत. साल १८३२, ज्येष्ठ वद्य अष्टमी. तुम्ही आळंदीत इंद्रायणीच्या काठी उभे आहात. पाऊस नुसती हुलकावणी देतोय. पेशवाई बुडून चौदा वर्षं झालीत, पुण्यात साहेबाचा अंमल आहे, आणि देवळांना ज्यांनी पोसलं त्या सरदारांतले पुष्कळ स्वतःच कर्जात आहेत.

समोरून दोन घोडे येतात. बेळगावकडच्या अंकलीहून, शितोळे सरकारांकडून आलेले. एकावर स्वार आहे. दुसऱ्याची पाठ मोकळी, आणि लोक वाकून नमस्कार करतायत ते या मोकळ्या घोड्याला. तुम्ही शेजारच्याला विचारता, ‘‘यावर कोण बसणार?’’ तो तुम्हाला खालून वर न्याहाळतो. ‘‘बसल्यात की माऊली.’’

देवळात प्रस्थानाची गडबड उडालीय. पुष्कळांच्या माना वर आहेत, कारण कळस हलला की माऊलींनी निघायची परवानगी दिली असं इथं मानतात. तुम्ही मात्र खाली बघा. अंगणात दिंड्या कशा उभ्या राहतायत ते बघा. पुढं पताका, मग टाळकऱ्यांच्या समोरासमोर दोन ओळी, मधे पखवाज, त्यामागं गळ्यात वीणा घेतलेला विणेकरी, आणि त्याच्या मागं डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया. कुठली दिंडी कुणाच्या पुढं हे ठरलेलं आहे आणि त्यावरून कुणी हुज्जत घालत नाही. कर्णा वाजतो. पहिल्या कर्ण्याला सामान बांधायचं, दुसऱ्याला आपापल्या जागी उभं राहायचं, तिसऱ्याला चालू पडायचं.

ही फौजेची रीत वाटते ना? ती फौजेचीच आहे. हे सगळं बसवणारे हैबतरावबाबा साताऱ्याकडच्या आरफळचे, ग्वाल्हेरीला शिंद्यांच्या पदरी चाकरी केलेले. घराकडं परत येताना सातपुड्यात लुटारूंनी धरलं, हरिपाठ म्हणत राहिले म्हणून सुटले, आणि गावी न जाता आळंदीला येऊन राहिले, अशी त्यांची कथा सांगतात. कथा खरी माना अथवा नका मानू, माणूस लष्करातला होता हे या अंगणात उभं राहिलं की पटतं. हजारो माणसं पंधरा-वीस दिवस चालवायची, त्यांना रोज पाणी आणि पाठ टेकायला जागा मिळायला हवी, आणि भजन तुटता कामा नये, हा प्रश्न भक्तीनं सुटत नाही. त्याला बंदोबस्त लागतो. वारी टिकली ती या बंदोबस्तानं, आणि तो सरकारचा नव्हता, चालणाऱ्यांचा होता. हे एकदा डोळ्यांनी बघून घ्यावं म्हणून तुम्हाला इथं आणलं.

पण हैबतबाबांच्या आधी काय होतं? त्यासाठी आणखी १४७ वर्षं मागं जावं लागेल.

१६८५. देहू. रायगडावर संभाजीराजे आहेत आणि औरंगजेब दख्खनेत उतरलाय. रस्त्यावर कुणाचे घोडेस्वार कधी भेटतील याचा नेम नाही. पंढरीची वारी तशी फार जुनी, ज्ञानदेवांच्याही घराण्यात असल्याचं सांगतात. लोक गावागावातून जमेल तसे, जमेल त्यांच्याबरोबर चालत जात. तुकोबांचा धाकटा मुलगा नारायणबाबा, तुकोबा गेले तेव्हा आईच्या पोटात असलेला, आता पस्तिशीचा आहे. तो वडिलांच्या पादुका पालखीत ठेवतो, पालखी आळंदीला नेतो, ज्ञानोबांच्या पादुका शेजारी ठेवतो आणि दोघांना घेऊन पंढरीची वाट धरतो. ‘ज्ञानोबा-तुकाराम’ हे भजन तुम्ही आयुष्यभर ऐकत आलात. या पालखीत ती दोन नावं अक्षरशः मांडीला मांडी लावून बसलीयत. अशा धामधुमीच्या काळात सुट्या माणसांपेक्षा पालखीमागून जाणारा जथा जास्त निर्धास्त असणार, हा माझा आपला अंदाज.

पुढं ही जोडी फुटली. तुकोबांच्या वंशजांत हक्कांवरून आणि मानावरून वाद लागले, आणि हैबतबाबांनी माऊलींची पालखी वेगळी काढली. आज आपण जिला डोळे मिटून परंपरा म्हणतो तिच्यातला एवढा मोठा भाग भाऊबंदकीतून आलाय. मला त्यात वावगं वाटत नाही. भांडायला कुणी उरलेलंच नाही अशी परंपरा मला जास्त काळजीची वाटते. हैबतबाबा १८३६ मध्ये गेले. आळंदीच्या महाद्वारात त्यांची पायरी आहे आणि कार्तिकी यात्रेची सुरुवात आजही तिच्या पूजेनं होते. पालखी सोहळ्याचे ‘मालक’ म्हणून आजही आरफळकरांचंच नाव घेतात.

चला, आता पुढं. १९६०च्या आसपास कुठलंही साल धरा आणि संध्याकाळी नातेपुत्याच्या तळावर या. चालून चालून पोटऱ्या दगड झालेल्या आहेत. राहुट्या लागल्यात, तीन दगडांच्या चुली पेटल्यात, ओल्या लाकडाचा धूर डोळ्यात जातोय. एक बाई तुमच्या हातात भाकरी आणि वर पिठल्याचा गोळा ठेवते. ‘‘घ्या माऊली, ऊन ऊन हाय.’’ नाव, गाव, जात काहीच विचारत नाही. (जातीचं मात्र इतकं सरळ नाही. तिकडं येऊच.)

तळाच्या मधोमध पालखी ठेवलीय. आता समाजआरती होणार आहे, आणि वारीत मला विचाराल तर रिंगणापेक्षाही बघण्यासारखं हेच आहे. रिंगणाचे फोटो सगळ्यांकडं असतात. समाजआरतीचा फोटो काढून हाती काही लागत नाही, कारण तिथं जे घडतं ते ऐकायचं असतं.

दिंड्या एकेक करून येतात आणि पालखीभोवती आपापल्या जागी उभ्या राहतात. प्रत्येकीचं भजन चालूच आहे. कित्येक जोड टाळ एकाच वेळी खणखणतायत. शेजारचा माणूस तोंड हलवताना दिसतो, ऐकू काही येत नाही. गॅसबत्त्यांभोवती पाखरं फिरतायत. मग चोपदार उभा राहतो. हातातला चांदीचा चोप, म्हणजे दंड, वर करतो आणि लांब आवाजात ओरडतो, ‘‘होऽऽ!’’

सगळा तळ थांबतो. हजारो माणसं, एक आवाज नाही.

नीट ऐका, पूर्ण शांतता झालेली नाही. रथामागच्या दिंड्यांच्या बाजूला कुठंतरी एका दिंडीचा टाळ वाजतोच आहे. भजन नाही, गाणं नाही, नुसता टाळ. नवखा म्हणेल, यांना कळलं नसेल. त्यांना चांगलं कळलंय. ज्या दिंडीची तक्रार आहे तिनं चोप वर गेल्यावरही टाळ चालू ठेवायचा, आणि तो थांबल्याशिवाय आरती करायची नाही, असा नियम आहे. अर्ज नाही, दाखल तारीख नाही.

चोपदार तिकडं जातो. ‘‘बोला माऊली.’’

विणेकरी पुढं होतो. ‘‘आमच्या अन् म्होरल्या दिंडीच्या मधी कालपासनं दुसरीच दिंडी शिरतीया. आमचं भजन तुटतंय.’’

‘‘उद्यापासून नाही शिरणार.’’

टाळ थांबत नाही. मागून एक म्हातारा टाळकरी म्हणतो, ‘‘आन् त्यांनी आमच्या पताकावाल्या पोराला ढकलून दिला. त्याचं काय?’’

मग मालक येतात. शिरलेल्या दिंडीचा माणूस पुढं बोलावतात. तो आधी मान्य करत नाही. इतर दिंड्या गप उभ्या आहेत. सगळ्यांना भूक लागलीय आणि सगळे त्याच्याकडं बघतायत. शेवटी तो पोराच्या पाया पडतो, वारकऱ्यांच्या रीतीप्रमाणं पोरगंही त्याच्या पाया पडतं, आणि टाळ थांबतो. एवढंच. अशी निवाड्याची जागा मी दुसऱ्या कुठल्या सोहळ्यात पाहिली नाही, जिथं सगळ्यात मागची दिंडीसुद्धा सगळ्या तळाचं जेवण अडवू शकते.

मग चोपदार सूचना सांगतो. उद्या पालखी किती वाजता निघणार, विसावा कुठं. वाटेत एक पितळी तांब्या सापडलाय, त्यावर नाव कोरलंय, ज्याचा असेल त्यानं न्यावा. एक म्हातारी चुकलीय, गावाचं नाव सांगत नाही, पण आपल्या दिंडीतल्या विणेकऱ्याचे केस पांढरे आहेत एवढं सांगते. पांढऱ्या केसांचे विणेकरी निदान तीसेक असतील. हशा पिकतो. कुणीतरी ओळखतं. मग आरती.

रात्री राहुटीत पडल्यावर एक गोष्ट लक्षात घ्या. आज दिवसभर तुम्ही जे अभंग म्हटले ते कुणाच्या लहरीनं आलेले नव्हते. पहाटे काकडा, भूपाळ्या, मग वासुदेव, आंधळे-पांगळे, गौळणी, मग त्या त्या वाराचे अभंग, दुपारनंतर हरिपाठ. सोमवारचे सोमवारी, गुरुवारचे गुरुवारी. तुमच्या शेजारी घोरणाऱ्या माणसाला सही येत नाही, अंगठा उठवतो, पण शेकडो अभंग चालीसकट त्याच्या तोंडात आहेत, कारण चालताना पुढच्यानं म्हटलं की मागच्यानं उचलायचं हे तो पोरपणापासून करत आलाय. वारकरी चाल शिकवणारी शाळा म्हणजे हा रस्ता. खरीखुरी शाळा या रस्त्याच्या पुष्कळ नंतर निघाली: विष्णुबुवा जोगांनी १९१७ मध्ये आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली, आणि माधुकरी मागून राहणारी पोरं तिथं ज्ञानेश्वरी, गाथा आणि पखवाज शिकू लागली. त्या पोरांचे कीर्तनकार झाले आणि गावोगावी सप्ताहात उभे राहिले. सप्ताहात पहाऱ्याचा विणेकरी वीणा खाली ठेवत नाही, दुसरा आला की त्याच्या गळ्यात घालतो. मध्यरात्री तीन वाजता देवळात चिटपाखरू नसतं तेव्हाही कुणीतरी एकटा वीणा घेऊन उभा असतो.

आता कंसातली ती गोष्ट.

दहा-पंधरा वर्षं मागं, चाळीसच्या दशकात या. मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे वारीला चालल्यायत. एकाच दिंडीत सकाळी सगळे एकत्र भजन म्हणतात आणि दुपारी ब्राह्मणांची पंगत वेगळी, मराठ्यांची वेगळी बसते, हे त्यांना टोचतं. ‘वाटचाल’ या लेखात त्यांनी ते लिहून ठेवलंय. त्याच पालखीत आणखी पुढं नजर टाका. रथाच्या पुढं नंबराच्या दिंड्या, त्यांच्या पुढं घोडे, आणि घोड्यांच्याही पुढं, रांगेच्या हिशेबाबाहेर, दलितांच्या दिंड्या. सगळ्यात पुढं चालायला मिळणं हा मान आहे असं कुणी म्हणेल. ज्याला क्रमातच जागा नाही त्याला पुढं काय आणि मागं काय.

पंढरपुरात नामदेव पायरीसमोर चोखोबांची समाधी आहे. देवळाच्या बाहेर. चोखोबा मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना भिंतीखाली सापडून गेले, १३३८ मध्ये. त्यानंतर सहाशे वर्षं त्यांचे अभंग देवळात गायले जात होते आणि त्यांच्या जातीची माणसं त्या समाधीपाशी थांबत होती. समाजआरतीचा तो नियम आठवा. टाळ ज्यांचा ऐकू येईल त्यांची तक्रार सुटते. यांचा टाळ वाजत होताच की, पण त्यांच्यासाठी आरती कधी थांबली नाही.

१ मे १९४७. उन्हाळा मी म्हणतोय, चंद्रभागेला पाणी नाही. तनपुरे महाराजांच्या मठात साने गुरुजी उपोषणाला बसलेत: विठ्ठलाचं देऊळ सगळ्यांना उघडा. तुम्ही मठाच्या दारात उभे राहा आणि माणसं काय बोलतात ते ऐका. यात नुसते देवळाचे पुजारी बडवे नाहीत. गळ्यात माळ असलेला, वर्षाला दोन वाऱ्या करणारा भला माणूसही म्हणतो, ‘‘बापजाद्यांपासून चालत आलंय, ते मोडायचं कशाला?’’ ज्या समाजानं ही वारी जिवापाड जपली तोच समाज हेही जपत होता, तेवढ्याच निष्ठेनं. दहाएक दिवसांनी उपोषण सुटलं आणि दारं उघडली. त्याआधी देवाचं तेज एका घागरीत काढून ठेवलं होतं, म्हणजे आत उरला तो नुसता दगड, असं काही सनातन्यांनी केल्याचं सांगतात. अस्पृश्यांनी आत पाऊल ठेवलं आणि विठोबाला काही झालं नाही. दरसाल गर्दी वाढतच गेली.

‘समाजानं जपलेला वारसा’ हे शब्द हल्ली सभा-परिषदांत फार गोड वाजतात. २००३ मध्ये पॅरिसला युनेस्कोनं अमूर्त वारशाचा करार केला, २००५ मध्ये भारतही त्यात आला. वारसा कुठला हे त्या त्या समाजानंच ओळखायचं, असं त्यात मानलंय, ते योग्यच आहे. पॅरिसला थांबायचं कारण नाही, फक्त जाता जाता विचारून ठेवा: समाज म्हणजे त्यातले कोण? पंढरपूरच्या देवळातल्या बडवे-उत्पात पुजाऱ्यांचे वंशपरंपरेचे हक्क संपवायला १९७३ चा कायदा आणि त्यानंतर २०१४ पर्यंत कोर्टकज्जा लागला. आणि वीणा अजूनही बहुतेक दिंड्यांत पुरुषाच्याच गळ्यात असते. बाईच्या डोक्यावर तुळस किंवा पाण्याचा हंडा. हे बदलायला उपोषण लागू नये.

आता जून २०२०, करोनाची साथ. आळंदीचे रस्ते रिकामे. प्रस्थान मोजक्या माणसांत झालं, पण पालखी निघालीच नाही. पादुका आळंदीतच आजोळघरी मुक्कामाला राहिल्या. मग ३० जूनला फुलांनी सजवलेली एस.टी. बस आली आणि पादुका त्यात बसून एका दिवसात पंढरीला गेल्या. तुम्ही दिवेघाटात उभे आहात. वळणावरून बस येते आणि दोन मिनिटांत निघून जाते. त्या वर्षी किती घरांत त्या त्या दिवशी, त्या त्या मुक्कामाचं भजन घरातल्या घरात झालं असेल याची नोंद कुणाकडं नाही. नियम तोंडपाठ असला की असं करता येतं. २०२२ मध्ये पालखी पुन्हा पायी निघाली तेव्हा दिंड्या आपापल्या नंबरावर येऊन उभ्या राहिल्या.

आजच्या वारीत या. रस्ता चौपदरी झालाय, चालायला सोपा आणि दुपारी तव्यासारखा तापलेला, कारण कडेच्या झाडांची सावली बरीच गेलीय. सरकारचे टँकर, फिरते संडास, दवाखाने आहेत. पूर्वी पटकीनं माणसं मरत, तेव्हा हे हवंच. पण पुढाऱ्यांचे फलक विसाव्याच्या जागेवर येतात, रिंगणावर ड्रोन घिरट्या घालतात आणि अश्वाच्या टापांची माती कपाळाला लावायला वाकलेल्या म्हातारीच्या तोंडापुढं कुणाचा तरी मोबाइल असतो. मदत करणाऱ्यांनी पाणी, सावली आणि औषध द्यावं. क्रम, चाल आणि चोप यांत पडू नये. ते ज्यांचं आहे त्यांना सांभाळता येतं, चुकलं तर टाळ वाजवणारेही त्यांच्यातलेच असतात.

तुम्हाला जायचं असेल तर पाहुणा म्हणून जाऊ नका. वैशाखातच गावाकडच्या किंवा ओळखीतल्या दिंडीप्रमुखाला गाठा, भिशी भरा, म्हणजे तुमच्या भाकरीचा आणि राहुटीचा हिशेब त्यांच्याकडं लागेल. सगळे दिवस जमत नसतील तर पुणे ते सासवड हा एक टप्पा करा. तीस किलोमीटरच्या वर चाल आहे आणि मधे दिवेघाट आहे, नवी चप्पल घालू नका. हरिपाठ पाठ करून जा. संध्याकाळी पाय कितीही दुखोत, समाजआरतीला उभे राहा, आणि कुणाचा टाळ थांबला नाही तर जेवायची घाई करू नका.